मानेवरचा उजेड

आमच्या घरात दार उघडण्याआधी ओरडायची पद्धत होती. दार कोणतंही असो, आधी "उघडू का?" असं विचारायचं आणि आतून "उघड" असं आल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. अड्याळच्या बाजाररस्त्यावरच्या त्या घरात पुढची खोली म्हणजे बाबांचा फोटो स्टुडिओ आणि मधली बिनखिडकीची खोली म्हणजे त्यांची डार्करूम. बाबा आत लाल दिव्यात फोटो धूत असताना कोणी दार उघडलं, की पाण्यातले सगळे कागद काळेठिक्कर पडायचे आणि मग संध्याकाळपर्यंत घरात कोणाची धडगत नसायची. ही सवय आमच्या अंगात इतकी मुरली होती, की आई तांदळाच्या कोठीचं झाकण काढतानाही पुटपुटायची, "उघडू का?" पाहुणे हसायचे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचंच नाही.

मी सांगते आहे ते दिवस बारावी झाल्यानंतरचे. भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. रोजच्या एसटीची वेळसुद्धा विचारून ठेवली होती. पण घरात "आधी लग्नासाठी एखादी जागा पाहून घेऊ, मग बघू" असं सुरू झालं आणि कॉलेज राहिलं बाजूला. माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या, काहींची लग्नं झाली, आणि मी नुसती घरभर फिरत राहिले. पुढच्या दारातून मागच्या अंगणात, अंगणातून पुन्हा पुढे. हात स्वस्थ बसत नसत. भिंतीचे पोपडे काढ, खाटेची सुतळी उसव, असले उद्योग चालायचे. "निमे, बूड टेकवत जा वं एका जागी," आई म्हणायची. ती चुलीपुढे वांग्यात झिंगे घालून रस्सा करत असायची, घरभर तो तिखट वास भरलेला असायचा, आणि मी तिथेही उभ्याउभ्याच जेवायचे. आज या वयात गुडघे धरून बसल्यावर वाटतं, त्या पायांतली थोडी तरी चाल शिल्लक ठेवायला हवी होती.

बाबांकडे एकच चांगला कॅमेरा होता. जपानी, जड, काळ्या कातड्याचा. मी लहान असताना त्यांनी तो नागपुरातून कोणाचा तरी वापरलेला विकत आणला होता. आमच्या घरातल्या देवांना एखाद्या दिवशी आंघोळ चुकली तर चालायचं, पण कॅमेरा रोज पुसला जायचा. त्याला आमचं कोणाचं बोट लागलेलं बाबांना खपत नसे. बाबांबद्दल एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. आमचे बाबा कधीही चुकत नसत. एसटी चुकली तर ती वेळेआधी सुटलेली असायची. भाजीत मीठ त्यांनीच दोनदा टाकलं असेल, तरी त्या दिवशीचं मीठ जास्त खारट असायचं. माणूस प्रेमळ होता, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते.

त्या उन्हाळ्यात लग्नांचे फोटो धुताना पहिल्यांदा तो पट्टा दिसला. फोटो अजून काळे-पांढरेच जास्त निघायचे, रंगीत काढणारे थोडे. कोणाच्या फेट्यावर, कोणाच्या पोटावर, एका नवरीच्या तर कपाळावर अर्धं बोट रुंद असा पांढरा पट्टा यायला लागला. बाबा म्हणाले, कागद जुना आहे. मग म्हणाले, औषध खराब आहे. मग विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून त्यांनी वीजवाल्यांना शिव्या दिल्या. पण फोटो तर द्यायचेच होते. मग ते ब्रश घेऊन बसत. फोटोला हात मारण्यात त्यांच्यासारखा माणूस आमच्या भागात नव्हता. दोन केसांच्या ब्रशानं, पातळ केलेल्या काळ्या शाईनं ते पांढरं ठिपक्या-ठिपक्यानं भरत जायचे आणि पट्टा दिसेनासा व्हायचा. लोक मुद्दाम त्यांच्याकडे यायचे ते याच कलेसाठी. किती तरी मुलींच्या गालावरचे वण त्यांनी असे पुसले होते, किती तरी सावळ्या पोरी गोऱ्या करून पाठवल्या होत्या, आणि त्या पोरींची लग्नंही झाली होती. ज्या फोटोंना हात मारूनही काही होण्यासारखं नव्हतं, ते बाबा एका खोक्यात टाकून पलंगाखाली सरकवत.

आंधळगावच्या एका घरचं लग्न त्यांनी त्याच उन्हाळ्यात काढलं होतं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा धंदा असलेलं खातंपितं घर. त्या लग्नात बोलता बोलता नवरीच्या काकांनी आपल्या पुतण्यासाठी, म्हणजे नवरीच्या चुलतभावासाठी, माझा फोटो मागितला. आईला आकाश ठेंगणं झालं. मला तिची हिरवी साडी नेसवली, स्टुडिओतल्या पडद्यापुढे बसवलं आणि बाबांनी फोटो काढला. सारखी हलते म्हणून मला तीनदा रागावले. तो फोटो धुऊन निघाला तेव्हा पांढरा पट्टा बरोबर माझ्या मानेवर होता, डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत.

बाबांनी दुसरा फोटो काढायला हवा होता. पण दुसरा काढायचा म्हणजे पहिल्यात काहीतरी चुकलं असं म्हणायचं. ते ब्रश घेऊन बसले. पट्टा इतका सुरेख भरला, की समोरून पाहिलं तर मान अगदी माझीच. फोटो आंधळगावला गेला.

फोटो चकचकीत कागदावरचा होता. असा फोटो जरा तिरपा धरला, की शाई लावलेली जागा मंद दिसते आणि बाकीचा कागद चमकतो. आंधळगावच्या बायकांनी तो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला असणार. फोटो परत आला, सोबत निरोप काहीच नाही. पण थोड्याच दिवसांत आई बाजारातून रिकाम्या पिशवीनं परतली आणि पाटावर बसून रडायला लागली.

"पोरीच्या मानेवर कोड हाय म्हणून राहिले सारे," ती बाबांना म्हणाली. "बापानं शाई लावून लपवला म्हणते."

बाबा उठले. डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी लावून घेतली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. नळावर गेले की बायका बोलता बोलता माझ्या मानेकडे बघायच्या. ओळखीच्या मावशा माझी वेणी सारखी करण्याच्या निमित्तानं केस बाजूला करून पाहायच्या. मी पदर गळ्याशी घट्ट लपेटायला लागले, तर म्हणे बघा, झाकते आहे. पदर सोडला तर म्हणे पावडर लावली असेल. मला घरात राहवेना आणि बाहेर जाववेना. मी रोज आरशात मान पाहायचे. काही नाही हे माहीत असून पाहायचे. आज मला याची लाज वाटते, की त्या दिवसांत आम्ही सगळेच, मी धरून, कोड हा शब्द चोरी किंवा खून असल्यासारखा हळू आवाजात उच्चारत होतो.

बाबांच्या हाताखाली निगेटिव्ह वाळत घालायचं आणि कापायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी तीच कापत असताना मी माझ्या फोटोची निगेटिव्ह खिडकीला धरली. पट्टा तिच्यावरच होता. म्हणजे कागदाचा दोष नाही. शिवाय तो फोटोच्या चौकटीबाहेर, कडेच्या भोकांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे भिंगातून आलेला नाही. बाबा बाहेर गेलेले होते. मी खुंटीवरचा कॅमेरा काढला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याचं मागचं दार उघडलं. दाराच्या खाचेतून बोट फिरवलं तर बोट काळं झालं. चिकट, डांबरासारखं. दार आणि अंग यांच्या मधून उजेड जाऊ नये म्हणून त्या खाचांमध्ये काळा स्पंज बसवलेला असतो. आमच्याकडचे पावसाळे खाऊन खाऊन तो विरघळला होता. बिजागरीजवळ तर काहीच उरलं नव्हतं. कॅमेरा उन्हात लटकत असला की तिथून उजेड आत शिरायचा आणि आधीच काढलेल्या फोटोवर पडायचा.

बाबा आल्यावर मी सांगितलं. "बाबा, कॅमेऱ्यात उजेड घुसून राहिला. स्पंज सडला त्याचा."

"तुले कोणी हात लावाले सांगतला?"

"कोणी नाही. पण पाहा ना तुमी."

"मले नाही पाहाचं. कॅमेऱ्याले काही झालं नाही." त्यांनी कॅमेरा खुंटीवर टांगला. तोंड फिरवून म्हणाले, "तुले जे कराचं ते कर. मले सांगू नोको."

आमच्या घरात याचा अर्थ परवानगी असा होता.

आता मी कारध्याला राहते, वैनगंगेच्या पुलापाशी, आणि हेच काम करते. विशी-पंचविशीतली मुलं आजोबांचे जुने कॅमेरे कुरियरनं पाठवतात. त्यांना पुन्हा रोल घालून फोटो काढायचे असतात. स्पंज बदलायला तयार कापलेल्या पट्ट्या मिळतात, सोबत गोंद असतो, चिमट्यानं लावलं की झालं. त्या वेळी यातलं काही नव्हतं. बांबूची काडी तासून मी जुना स्पंज खरवडायला घेतला. आतल्या शटरच्या पडद्यावर एक कण पडला तर कॅमेरा कायमचा जायचा, म्हणून त्यावर कागद धरला होता. चिकटपणा मात्र निघेना. शेजारच्या वच्छीमावशी गुडघ्यांना चोळायला मोहाची दारू ठेवायच्या. त्यांनी औषधाच्या बाटलीत थोडी दिली. आईला वासानंच कळलं आणि तिनं देव्हाऱ्यावर कापड टाकलं. पण दारूनं काम झालं, खाचा स्वच्छ झाल्या, आणि मी घाईघाईत आईच्या लोकरीचा काळा धागा खाचांमध्ये बसवून रोल भरला.

त्या दारूत विकणाऱ्यानं गुळाचं पाणी मारलेलं होतं. रोल धुऊन निघाला तेव्हा पट्टा नव्हता, मुंग्या होत्या. आईच्या गालावर एक मुंगी चक्क सहा पायांसकट छापलेली होती. मला रडू यायला हवं होतं, पण मी आणि आई इतक्या हसलो, की पोट दुखायला लागलं. कित्येक दिवसांत आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं.

मग दवाखान्यातून स्पिरिट आणून मी सगळं पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. बिजागरीजवळच्या रुंद जागेला धागा पुरेना, मखमल हवी होती. ते मी आईजवळ बोलले, बाबा शेजारीच पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याशेजारी बाबांची लग्नाकार्यात घालायची काळी मखमली टोपी ठेवलेली होती. कोणी ठेवली, काही बोलणं नाही. मी तिची कड कापली. आधी जाड झाली, दार बसेना. मागचं कापड सोलून काढलं, तेव्हा खटकन बसलं. सायकलवाल्याकडच्या पंक्चर काढायच्या सुलोशननं चिकटवलं आणि वास जाईपर्यंत दार उघडं ठेवलं. एवढा वेळ मी एका जागी बसले होते, हे आईनं वच्छीमावशींना मुद्दाम बोलावून दाखवलं.

नव्या रोलवर काही नव्हतं. ना पट्टा, ना मुंगी. बाबांनी माझा नवा फोटो काढला, ब्रशाला हातही लावला नाही, आणि आंधळगावला पाठवून दिला.

आणि इथे आमचं गणित चुकलं. फोटोत डाग नाही हे पाहून आंधळगावची माणसं आणखीच बिथरली. हात मारण्यात बापाची एवढी ख्याती, मग आधीच्या फोटोत डाग होता तो आता कुठे गेला? या वेळी जास्त चांगला पुसला, दुसरं काय! आमच्या घरातून निघालेला स्वच्छ फोटो हाच आमच्याविरुद्धचा पुरावा झाला. पण मुलाला म्हणे फोटो आवडला होता, त्यामुळे त्याची आई आणि काका स्वतः बघायला येतो म्हणाले.

ते आले तेव्हा भाताची कापणी सुरू होती आणि गावागावांत दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरायच्या होत्या. मंडईचे दिवस म्हणजे बाबांच्या वर्षाची कमाई. घरोघरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, सगळ्यांना फोटो हवे असायचे. आईनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या होत्या. काकांनी दोन खाल्ल्या, मुलाच्या आईनं बशीला हात लावला नाही. ती ठेंगणी, स्पष्ट डोळ्यांची बाई होती.

"पोरी, इकडे उजेडात ये बरं," ती म्हणाली. "मान वर कर."

मी दारात उभी राहून मान वर केली. तिनं माझा पदर बाजूला केला. मग अंगठा जिभेला लावला आणि कानाखालून गळ्यापर्यंत माझी मान घासली, एकदा, पुन्हा एकदा, आणि अंगठ्याला पावडर लागली का ते पाहिलं. माझे कान पेटले होते. आई भिंतीकडे पाहत होती. मला धावत सुटावंसं वाटत होतं, आणि धावत सुटले तर डाग खरा ठरेल म्हणून मी हलत नव्हते.

बाबा उठून आत गेले. मला वाटलं, त्यांनाही पाहवलं नाही. पण ते पलंगाखालचं खोकं घेऊन आले आणि सतरंजीवर उपडं केलं. फेटेवाला म्हातारा, उघडं बाळ, कपाळावर पट्टा असलेली नवरी. बोटानं एकेक पुढे सरकवत ते म्हणाले, "पाहा. हा पाहा. हे लेकरू पाहा. या साऱ्यायले कोड झाला का?"

काका वाकून फोटोंकडे पाहू लागले.

"डाग पोरीले नाही. माह्या कॅमेऱ्यात उजेड घुसत होता. स्पंज सडला होता, मले समजलं नाही. समजलं तवाबी मी मानलं नाही. शाई मीच लावली. माहं चुकलं."

काका पुढे सरकले. "म्हंजे आमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो..."

"त्यातबी होता. ते सारे हात मारलेले हायत. तिरपे धरून पाहा घरी गेल्यावर."

काकांचा चेहरा उतरला. ते चार गावांत ऊठबस असलेले गृहस्थ होते आणि गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. कॅमेरा आता दुरुस्त झाला आहे, हे बाबांनी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं. त्या वर्षी एकाही मंडईचं बोलावणं आम्हाला आलं नाही. बाबांना हे बोलतानाच कळत होतं. मला त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं.

मुलाच्या आईनं मात्र सगळे फोटो नीट पाहिले, खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, आणि सुस्कारा सोडला. पहिल्यांदाच हसली. सांबारवडी उचलून तिनं अर्धी मोडली. "चला, पोरगी साफ हाय," ती म्हणाली. "मंग आमचं काही म्हणनं नाही. तुमी तारखेचं बोला."

आईनं डोळ्यांना पदर लावला. काकांनीही नाराजीनंच मान डोलावली. सगळं सुरळीत झालं होतं. माझ्या मानेवर अजून त्या बाईची थुंकी वाळत होती.

"आणि असता तर?" मी विचारलं.

"काय?"

"कोड. खरंच असता तर?"

आईनं माझा हात ओढला. त्या बाईनं वडी बशीत ठेवली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "असता तं आमी आलोच नसतो, बाई. खोटं काहून बोलू?"

मला तिचा राग आला नाही. त्या सगळ्या महिन्यांत माझ्याशी इतकं सरळ कोणीच बोललं नव्हतं.

"मंग मले नाही यायचं तुमच्या घरी," मी म्हटलं.

काका बाबांकडे वळले. आता बाप पोरीला दटावेल म्हणून ते वाट पाहत होते, आईही पाहत होती. मीसुद्धा. बाबा सतरंजीवरचे फोटो गोळा करत होते. ते त्यांनी खोक्यात भरले, खोकं बाजूला ठेवलं आणि मान वर केली.

"आयकलं ना तुमी," ते म्हणाले. "पोरगी नाही म्हणते."